दुसरी हन्ना

डिसेंबर लागला की इंग्लंडमधल्या शाळांतून आणि चर्चमधून मुले एक छोटेसे नाताळगीत म्हणतात. बेथलेहेमच्या गोठ्याकडे निघालेल्या लहान मुलांच्या मनातले कुतूहल त्यात आहे. चाल सोपी, शब्द त्याहून सोपे. १९१७ साली, पहिले महायुद्ध ऐन भरात असताना हे गीत लिहिले गेले आणि १९२८ साली ऑक्सफर्डच्या प्रसिद्ध नाताळगीतसंग्रहात त्याला जागा मिळाली. ते म्हणणाऱ्या मुलांना ठाऊक नसते, आणि त्यांच्या आयांनाही बहुधा ठाऊक नसते, की हे गीत लिहिणाऱ्या बाईंच्या घरी पाळणा कधी हललाच नाही. मूल व्हावे म्हणून त्यांनी शस्त्रक्रियाही करून घेतली होती. ती निष्फळ ठरली. त्यांचे नाव फ्रान्सिस चेस्टरटन.

चेस्टरटन हे आडनाव वाचकांना परके नाही. फादर ब्राऊन हा गोल चेहऱ्याचा, छत्री सांभाळत फिरणारा साधाभोळा धर्मगुरू आणि त्याच्या चातुर्यकथा आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या वाचल्या गेल्या आहेत. त्या लिहिणारा गिल्बर्ट किथ चेस्टरटन हा फ्रान्सिसचा नवरा. आपला त्याच्याशी आणखीही एक धागा आहे. सप्टेंबर १९०९ मध्ये लंडनच्या एका साप्ताहिकात त्याने हिंदी राष्ट्रवादावर लेख लिहिला. हिंदुस्थानला स्वराज्य हवे असेल तर ते त्याच्या स्वतःच्या वळणाचे असावे, इंग्रजी राज्याची नक्कल नसावी, असा त्याचा रोख होता. गांधीजी तेव्हा लंडनमध्येच होते. त्यांच्या मनावर लेखाचा ठसा उमटला आणि त्यांनी तो गुजराती वाचकांपर्यंत पोचवला. त्याच वर्षी नोव्हेंबरात परतीच्या बोटीवर त्यांनी ‘हिंद स्वराज्य’ लिहून काढले.

अशा गाजलेल्या माणसाच्या बायकोविषयी चरित्रांतून चार ओळींपलीकडे काही सापडत नसे. त्याला तीही जबाबदार होती. गिल्बर्ट आत्मचरित्र लिहायला बसला तेव्हा, मला त्यात आणू नकोस, असे तिने त्याला बजावले होते. मी मात्र गेली कित्येक वर्षे नवऱ्यापेक्षा तिच्याचविषयी अधिक वाचत आले आहे. त्याचे कारण पुढे सांगेन. आधी तिची ओळख.

बेडफर्ड पार्कची मुलगी

फ्रान्सिस ब्लॉगचा जन्म २८ जून १८६९ रोजी झाला. वडील हिऱ्यांचे व्यापारी. ती चौदा वर्षांची असताना ते वारले आणि आई, बहिणी, भाऊ असे घर लंडनच्या पश्चिमेकडच्या बेडफर्ड पार्क वस्तीत काटकसरीने चालू राहिले. अँग्लिकन जोगिणींच्या शाळेत ती शिकली. तिथे तिच्या मनात जी भक्ती रुजली ती अखेरपर्यंत टिकली. बेडफर्ड पार्क म्हणजे कवी, चित्रकार, सुधारक यांची वस्ती. धर्म ही जुनी, टाकून द्यायची गोष्ट, असे मानणाऱ्यांचीच तिथे गर्दी. त्या गर्दीत ही मुलगी रविवारी न चुकता चर्चला जाई, आणि त्याचे तिला काही विशेषही वाटत नसे. गिल्बर्टला पुढे तिच्याविषयी आश्चर्य वाटले ते याचेच. धर्मावर वाद घालणारी माणसे त्याने पुष्कळ पाहिली होती. धर्म रोजच्या रोज पाळणारी त्याने पाहिलेली ती जवळजवळ पहिलीच.

लग्नाआधी ती शार्लट मेसन या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी उभारलेल्या पालकांच्या संघटनेत चिटणीस होती. मुलाला मारून मुटकून शिकवू नये, त्याला मोकळ्या हवेत न्यावे, चांगली पुस्तके हाती द्यावीत, ते लहान असले तरी पूर्ण माणूस आहे हे विसरू नये, हा त्या संघटनेचा विचार. दिवसभर इतरांच्या मुलांविषयीचा पत्रव्यवहार आणि सभांची व्यवस्था तिच्या हातून होत असे. आपल्यालाही भरपूर मुले असावीत, हे तिचे स्वप्न याच वातावरणात वाढले.

१८९६ साली गिल्बर्ट तिच्या घरी येऊ लागला. सहा फूट चार इंच उंच, विसराळू, अजागळ, खिशात पैसा नसलेला आणि तिच्याहून जवळजवळ पाच वर्षांनी लहान. १८९८ च्या उन्हाळ्यात सेंट जेम्स पार्कमधल्या पुलावर त्याने तिला मागणी घातली. लग्नाला मात्र तीन वर्षे लागली, कारण त्याची कमाईच नव्हती. मधल्या काळात, १८९९ साली, तिची धाकटी बहीण गर्ट्रूड सायकलवरून जाताना घोड्यांच्या बसखाली सापडून गेली. ही गर्ट्रूड रुड्यार्ड किपलिंगची चिटणीस होती. आपल्या मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेला तोच किपलिंग. या आघाताने फ्रान्सिस इतकी खचली की हवापालटासाठी तिला इटलीला पाठवावे लागले.

२८ जून १९०१ रोजी, तिच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, केन्सिंग्टनच्या चर्चमध्ये लग्न लागले. नवरदेव वेदीपुढे गुडघे टेकून बसला तेव्हा त्याच्या नव्या बुटाच्या तळव्याला चिकटलेली किमतीची चिठ्ठी सगळ्या वऱ्हाडाला दिसली. मधुचंद्राला निघताना तो वाटेत दोनदा थांबला. एकदा लहानपणी आई जिथे न्यायची त्या दुकानात पेलाभर दूध प्यायला, आणि एकदा बायकोच्या रक्षणासाठी पिस्तूल विकत घ्यायला. ठरलेली गाडी अर्थातच चुकली. अशा माणसाशी संसार करायचा तर बायकोला किती धीराची गरज असेल, याची कल्पना आपल्या वाचक भगिनींना सहज येईल.

जिन्यावरचा कवी

सुरुवातीची वर्षे लंडनच्या बॅटरसी भागातल्या एका फ्लॅटमध्ये गेली. गिल्बर्टचे नाव वर्तमानपत्रांतून गाजू लागले. पैसे येत आणि तितक्याच वेगाने जात. हिशेब, प्रकाशकांची पत्रे, व्याख्यानांच्या तारखा, सगळे फ्रान्सिस पाही. त्याच्या कपड्यांची कायमची दशा पाहून तिनेच युक्ती काढली. वर मोठा झगा आणि रुंद काठाची टोपी घातली की आतले सगळे झाकले जाते! पुढे तोच त्याचा जगप्रसिद्ध वेष झाला. एकदा तो व्याख्यानाला निघाला आणि भलत्याच गावी उतरला. मी इथे आहे, मला कुठे असायला हवे, अशी तार त्याने बायकोला केली. घरी ये, असे तिने कळवले. इथून पुन्हा नीट वाटेला लावण्यापेक्षा घरी आणून पाठवणे तिला सोपे वाटले.

सगळे होते, मूल नव्हते. तिचे वय तिशीच्या पुढे सरकत होते आणि पाठीच्या कण्यातल्या संधिवाताने ती अधूनमधून अंथरुणाला खिळत असे. त्या काळचे वैद्यकशास्त्र या बाबतीत किती तोकडे होते ते पाहा. स्त्रीच्या महिन्यातले कोणते दिवस गर्भधारणेला अनुकूल, ही आज शाळकरी पुस्तकातली माहितीसुद्धा डॉक्टरांना १९२० च्या दशकात जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांच्या संशोधनानंतर नीटशी कळली. प्रतिजैविके नव्हती. शस्त्रक्रियेच्या टेबलावर चढणे म्हणजे जिवावरची जोखीम. तरीही मूल व्हावे म्हणून फ्रान्सिस ती शस्त्रक्रिया करून घ्यायला तयार झाली.

त्या वेळची एक हकीकत तिच्या डॉक्टरांनी पुढे लिहून कळवली. शुश्रूषागृहाच्या मेट्रनचा त्यांना फोन आला. चेस्टरटनसाहेब दोन तास जिन्यात बसून आहेत, त्यांच्या देहाने येणाऱ्याजाणाऱ्यांची वाट अडली आहे आणि कितीही विनवले तरी ते हलत नाहीत, अशी तक्रार होती. चौकशी केल्यावर कळले की बायको शस्त्रक्रियेतून सुखरूप बाहेर आली म्हणून त्याने तिच्यासाठी सुनीत लिहिले होते. शेवटची ओळ मनासारखी जमत नव्हती, आणि ती जमल्याशिवाय तिच्या खोलीत पाऊल टाकायचे नाही, असा त्याचा हट्ट होता.

हसू येते, आणि घसाही दाटतो. आपल्याकडे अशा वेळी नवरे काय करतात? बहुतेक जण बाहेरच्या बाकावर आईजवळ बसतात. दोष कुणाचा याचा हिशेब तिथेच मनातल्या मनात सुरू झालेला असतो. गिल्बर्टने तिला दोष दिल्याचा कुठेही मागमूस नाही. दुःख दोघांचे होते, आणि ते दोघांचेच राहिले.

शस्त्रक्रियेचा उपयोग झाला नाही. आज हे वाचताना वाटते, ती शंभर वर्षांनी जन्मली असती तर? २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जगातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. ऑगस्ट १९८६ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांना तसेच यश आले. पण या उपचारांनीही प्रत्येक घरात पाळणा हलत नाही. फ्रान्सिसचा प्रश्न म्हणून जुना होत नाही.

मी हे का लिहिते आहे

मी मराठी ख्रिस्ती घरातली. तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले. आमचे लग्न १९८१ साली झाले आणि आम्हाला मूल झाले नाही. तपासण्या झाल्या, औषधे झाली, दोन शहरांतल्या डॉक्टरांचे उंबरे झिजवून झाले. के. ई. एम.ची बातमी पेपरात आली त्या दिवशी तो पेपर मी घडी करून कपाटात ठेवला होता, हे मला आठवते. आमच्या समाजात दत्तक घेणेही तेव्हा सरळ नव्हते. हिंदूंसाठी दत्तकाचा कायदा १९५६ सालीच झाला होता. ख्रिस्ती दांपत्याला मात्र १८९० च्या जुन्या कायद्याखाली मुलाचे पालक म्हणवून घेता येई, आईबाप नव्हे. २००० सालचा बालन्याय कायदा आणि २००६ सालची त्यातली दुरुस्ती झाल्यावर ही वाट सर्वधर्मीयांना नीट खुली झाली. तोवर आमची वये उलटली होती.

खुद्द फ्रान्सिसच्या इंग्लंडमध्येही दत्तकाचा कायदा १९२६ साली झाला, तेव्हा ती सत्तावन्न वर्षांची होती. हा योगायोग वाचला त्या दिवशी ही परकी बाई मला जवळची वाटू लागली.

पण माझे दुखणे कायद्याचे नव्हते. प्रार्थनासभेत प्रत्येक वेळी माझ्यासाठी हन्नाची गोष्ट निघायची. जुन्या करारातली ही हन्ना एलकानाची बायको. सवत पनिन्नाचे टोमणे ऐकून ती शीलोच्या मंदिरात जाऊन रडते. ओठ हलतात पण आवाज फुटत नाही. एली याजकाला वाटते ती प्यायलेली आहे. शेवटी देव तिचे ऐकतो आणि तिला शमुवेल होतो. गोष्ट मोठी हृद्य आहे, आणि तिच्यात मला माझेच रडणे दिसायचे. पण सांगणाऱ्यांचा रोख शेवटावर असे. हन्नाला मिळाले, तुलाही मिळेल. वर्षे लोटली आणि मिळाले नाही, तेव्हा सभेतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी विश्वास कमी पडतो आहे असे सगळ्यांदेखत सुचवले. त्यानंतर कित्येक महिने मी देवळात मागच्या बाकावर बसून उपासना संपायच्या आत उठून जात असे.

सारा, रिबका, राहेल, हन्ना, अलीशिबा. बायबलातल्या या वांझ म्हटल्या गेलेल्या बायका. प्रत्येकीची कूस शेवटी उजवते. मग जिची उजवत नाही तिने बायबलात आपले घर कुठे शोधायचे? हा माझा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर मला फ्रान्सिसच्या आयुष्याकडे पाहताना सापडत गेले.

मुलांनी भरलेले बिनमुलांचे घर

१९०९ साली चेस्टरटन दांपत्याने लंडन सोडले आणि बकिंगहॅमशायरमधल्या बीकन्सफील्ड या लहान गावात घर केले. लग्नानंतरच्या दिवसांत एकदा दोघे कुठे जायचे ते न ठरवता मिळेल त्या गाडीत बसले होते, मग चालत सुटले आणि या गावाच्या खाणावळीत येऊन टेकले. आपले घर इथेच करायचे, असे तेव्हाच ठरले होते. वर्तमानपत्री दोस्तांना मात्र हे रुचले नाही. बायकोने आमचा गिल्बर्ट पळवला, अशी त्यांची कुरकुर पुढे अनेक वर्षे चालू राहिली.

या गावात फ्रान्सिसने एक साधी गोष्ट केली. घराचे दार मुलांसाठी उघडे ठेवले. बहीण एथेलची मुले, शेजारची मुले, मित्रांची मुले. किती मुलांची ती धर्ममाता झाली आणि किती जणांचा गिल्बर्ट धर्मपिता झाला, त्याची मोजदाद अवघड आहे. रस्त्यापलीकडच्या शेतात त्यांनी एक मोठी खोली बांधली, तिला रंगमंच जोडला. पुढे त्याच वास्तूचे ‘टॉप मेडो’ हे घर झाले आणि १९२२ साली दोघे तिथे राहायला गेले. गिल्बर्ट पुठ्ठ्याची चित्रे कापून खेळण्यातले नाटक करी, त्यात सेंट जॉर्ज ड्रॅगनशी लढे. फ्रान्सिस मुलांसाठी नाटुकली लिही आणि त्यांच्याकडून बसवून घेई. चेस्टरटनसारख्या विद्वानाकडे जाऊन खूप शिकून आलास ना, असे एका आईने पोराला विचारले. त्याला सांगायचे होते ते निराळेच. साहेब पाव हवेत उडवून तोंडात झेलतात, ते एकदा बघच, असे तो आईला म्हणाला.

यात नुसती हौस नव्हती. मुलांना तिने कधी आपल्या दुःखाचे औषध केले नाही. दुसऱ्याच्या लेकरावर हक्क सांगणारी, त्याच्या आईशी चढाओढ करणारी माया ती नव्हती. तिला मूल म्हणजे काय हे कामातून ठाऊक होते. त्याला पूर्ण माणूस मानायचे, त्याच्याशी गंभीरपणे खेळायचे आणि संध्याकाळी त्याला त्याच्या घरी जाऊ द्यायचे. सगळ्यात अवघड हे शेवटचे. मुले गेल्यावर घर किती शांत होते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना मी वेगळे सांगायला नको.

तिचे दुःख मूल नसण्यापुरतेच नव्हते. १९०६ साली तिचा भाऊ नॉलिस, ज्याला मनाच्या आजाराने ग्रासले होते, समुद्रात बुडून गेला. त्याने स्वतःच जीव दिला होता. बहिणीपाठोपाठ भाऊ. अशा वेळी विश्वास डळमळला नसता तरच नवल. या काळोखात ती ज्यांच्यापाशी मन मोकळे करी, त्यांतले एक होते यॉर्कशरचे कॅथलिक धर्मगुरू जॉन ओकॉनर. फादर ब्राऊनचा मूळ नमुना तेच. १९१४ च्या नोव्हेंबरअखेर गिल्बर्ट स्वतः कोसळला. तो नाताळ तो शुद्धीत नव्हता. १९१५ च्या ईस्टरच्या सुमारास त्याला नीट भान येऊ लागले. इतके महिने फ्रान्सिस त्याच्या उशाशी होती.

हे सगळे भोगून झाल्यावर १९१७ साली तिने ते नाताळगीत लिहिले. दर नाताळात आप्तेष्टांना पाठवायच्या पत्रासाठी ती कविता करी, तशीच ही. नाताळ हा बाळाचा सण. ज्यांच्या घरी बाळ नाही, त्यांना तो दिवस काढणे किती जड जाते ते मी जाणते. सगळीकडे पाळणे, गोठ्याचे देखावे, कडेवर पोर घेतलेल्या मरिया. फ्रान्सिसने त्या सणाकडे पाठ फिरवली नाही. ती त्या बाळाला बघायला निघालेल्या मुलांच्या रांगेत स्वतः जाऊन उभी राहिली. बाळ आपले असायला हवे, ही अट तिने घातली नाही. गीत लिहिल्यानंतर दोनतीन वर्षांनी नवऱ्याबरोबर ती खरोखरच पॅलेस्टाईनला जाऊन आली.

इथे मला नव्या करारातली आणखी एक हन्ना आठवते. आपल्या मराठी बायबलात दोघींची नावे एकच आहेत, पण दुसरीची गोष्ट प्रार्थनासभेत क्वचितच निघते. लूकच्या शुभवर्तमानात तिच्यासाठी जेमतेम दोनतीन वचने आहेत. फनूएलची ही मुलगी. लग्नानंतर सात वर्षांत विधवा झाली आणि म्हातारपणापर्यंत मंदिरात उपासतापास, प्रार्थना करत राहिली. तिला मूल असल्याचा उल्लेख नाही. एके दिवशी एक गरीब जोडपे आपले तान्हे घेऊन मंदिरात येते. ते बाळ हिचे नव्हे. तरी ती पुढे होते, देवाचे आभार मानते आणि भेटेल त्याला त्या बाळाविषयी सांगत सुटते. पहिल्या हन्नाला बाळ मिळाले. दुसरीला बाळ दिसले, आणि तेवढ्यावर तिचे आयुष्य भरून आले. माझ्या लेखी फ्रान्सिस ही दुसरी हन्ना आहे. आशा म्हणजे मागितलेले मिळेलच ही खात्री, असे मला शिकवले गेले होते. आशेचा दुसराही अर्थ असतो, हे मला या दोघींनी दाखवले. मागितलेले मिळाले नाही तरी देणारा हात आपल्याकडे वळलेला आहे, एवढ्यावर विसंबून दुसऱ्या दिवशी सकाळी उठून दार उघडणे, हा तो अर्थ.

विश्वास आणि वावड्या

गिल्बर्टला ख्रिस्ताकडे आणले ते फ्रान्सिसने. १९११ च्या ‘बॅलड ऑफ द व्हाइट हॉर्स’ या दीर्घकाव्याच्या अर्पणपत्रिकेत त्याने हे ऋण उघड मान्य केले आहे. पुढे गंमत अशी झाली की शिष्य गुरूच्या पुढे गेला. त्याला कॅथलिक व्हायचे होते, पण तिला मागे सोडून जाववत नव्हते. अखेर ३० जुलै १९२२ रोजी बीकन्सफील्डच्या रेल्वे हॉटेलातल्या एका पत्र्याच्या खोलीत त्याचा कॅथलिक पंथात प्रवेश झाला. फ्रान्सिस शेजारी रडत होती. त्याने तिला ओढले नाही आणि तिने त्याला अडवले नाही. चार वर्षे ती आपल्या जुन्या चर्चमध्ये जात राहिली आणि १ नोव्हेंबर १९२६ रोजी, सर्व संतांच्या सणाला, स्वतःच्या मनाने तीही कॅथलिक झाली.

त्याच १९२६ साली डोरोथी कॉलिन्स ही तरुणी गिल्बर्टची चिटणीस म्हणून घरात आली. तिने कागदपत्रांना शिस्त लावली, गाडी चालवली, दोघांचे प्रवास सांभाळले आणि बघता बघता ती त्या घरची लेक झाली. कायद्याने नव्हे, सहवासाने. चिटणीस म्हणून काम केलेल्या फ्रान्सिसला चिटणिसाच्याच रूपाने लेक मिळावी, यातही काही योजना असेल काय? ज्याने त्याने ठरवावे.

१४ जून १९३६ रोजी गिल्बर्ट गेला. शेवटी शुद्धीवर आला तेव्हा त्याने आधी बायकोला आणि मग डोरोथीला प्रेमाने हाक मारली. फ्रान्सिस अडीच वर्षे मागे राहिली आणि कर्करोगाने १२ डिसेंबर १९३८ रोजी, नाताळ तेरा दिवसांवर असताना, वारली. बीकन्सफील्डच्या कॅथलिक दफनभूमीत, शिल्पकार एरिक गिल याने घडवलेल्या दगडाखाली दोघे आहेत. डोरोथीने पुढे १९८८ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत, त्यांच्या कागदपत्रांचा सांभाळ केला. पोटच्या मुलाने याहून अधिक काय केले असते?

निपुत्रिक बाईला मरणानंतरही लोक सोडत नाहीत. १९४१ साली गिल्बर्टच्या धाकट्या भावाच्या विधवेने, म्हणजे फ्रान्सिसच्या जावेने, एक पुस्तक लिहिले. दोघांना मूल नव्हते याचे कारण म्हणून त्यांच्या खासगी सहजीवनाविषयी नको ते सूचित केले आणि सगळा ठपका फ्रान्सिसवर ठेवला. उत्तर द्यायला दोघेही नव्हते. चरित्रकार मेसी वॉर्ड यांनी मग शस्त्रक्रियेची हकीकत पुढे आणली. जिन्यात बसलेल्या त्या कवीची डॉक्टरांनी लिहिलेली आठवण तिच्या बाजूची साक्ष ठरली. मूल हवे म्हणून जी मरणाच्या दारात जाऊन आली, तिला मूल नकोच होते असे म्हणणाऱ्या जिभेला हाड नसते, हेच खरे. इंग्लंड काय आणि आपली आळी काय!

हे वाचणाऱ्यांत अशा काही जणी असतील ज्यांना बारशाचे बोलावणे आले की पोटात खड्डा पडतो. तुमचा विश्वास कमी पडलेला नाही, एवढेच मला त्यांना सांगायचे आहे. उपचार घ्या, प्रार्थना करा, दत्तकाची वाट आता मोकळी आहे तिचाही विचार करा. आणि यातले काहीच फळाला आले नाही तरी तुमच्या घराचे दार बंद करून घेऊ नका. ज्यांच्या घरी पाळणा हलतो आहे त्यांनाही एक विनंती. ओटी भरताना, डोहाळजेवणाला, नामकरणाला अशा बाईला मागे उभी करू नका, आणि तिला गोष्टीही सांगू नका. बाळ आधी तिच्या हातात द्या. ते कसे धरायचे हे तिला नीट ठाऊक असते.